निळा अंगठा

तुळिंज, मंगळवार, ९ डिसेंबर २००३

अंगठ्याची शाई काही जात नाही. साबणाने घासला, तरी निळाच.

आज आमच्या आई-मुलांच्या वाचनवर्गात केनिया, ब्राझीलचे पाहुणे आले होते. तिकडेही आया पोरांसोबत शिकतात म्हणे. ते यायच्या आधी मॅडम कानाशी आल्या. "सुनीता, तू आजच वर्गात आल्यासारखं कर. सही नको, अंगठा उठव. फोटो चांगला येतो."

उठवला मी. का उठवला? शेजारी बसलेली पिंकी मोठ्याने म्हणाली, "मम्मी, तुला तर सही येते ना?" मॅडमनी तिच्यावर डोळे वटारले. माझ्यावर वटारले असते तर सोडून दिलं असतं. माझ्या पोरीवर?

मग केनियाच्या बाईंनी दुभाष्याकडून विचारलं, शिकून काय करणार? मी सरळ उठले. त्याच निळ्या अंगठ्याने खडू धरला आणि फळाभर लिहिलं, "मला लिहिता येतं. अंगठा मॅडमनी उठवायला लावला."

दुभाष्याने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मॅडम इकडेतिकडे डस्टर शोधत होत्या.

डस्टर माझ्या हातात होतं. मी दिलं नाही.