कायिराची केळ

प्रिय नामुतेबी,

रविवारी फोनवर तू म्हणालीस, नैरोबीच्या शिष्यवृत्तीला नकार कळवते, तान्ह्याला घेऊन तिथे तीन वर्षं कसं शिकणार? फोनवर मला सुचत नाही. म्हणून कंपालाच्या बसवाल्याकडे हे पत्र देतोय.

परवा चर्चमध्ये प्रार्थना सांगून परतलो, तर आई बागेत उभी. आपल्या बाळाची, कायिराची, वार जन्मानंतर जिच्या मुळाशी पुरली, त्याच केळीला मर लागली होती. पानं पिवळी पडून लोंबत होती. नातवाची केळ गेली की नातू घराला तुटतो, असं आई मानते. मला वाटलं, आता तुझ्या नावाने बोटं मोडणार.

शेतीखात्याच्या गाडीतून तुझं गावोगाव फिरणं आठवलं. मर लागली तर केळींचं अख्खं बेट खणू नका, रोगी खोड तेवढं कापा, असं तू सांगायचीस. लोक तुझ्या ड्रायव्हरला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणत आणि तुला पाणी आणायला लावत. तू आणायचीस, आणि पेला हातात देताना पुन्हा पहिल्यापासून सांगायचीस. तुझे खात्यातले साहेब म्हणाले, आधी बाळंतपणं उरका, मग पदवीचं बघू. तू घरी येऊन पोटभर जेवलीस आणि सकाळी पुन्हा कामाला. देवाकडे मी पुष्कळ मागतो. तुझ्यासाठी धीर कधी मागावा लागला नाही.

आईने कोयता जाळात धरला, रोग पसरू नये म्हणून तू शिकवलंस तसा, आणि ते एकच खोड कापलं. बुंध्याशी फुटलेल्या पिल्लांना हात लावला नाही. म्हणाली, “कायिराची आई सांगते, बेट जगतं. म्हणजे जगतं. तिच्याबरोबर पोर सांभाळायला कोण जाणार?”

मी म्हणालो, मी. बाळासोबत एका माणसाचा खर्च नैरोबीवाले देतात. तो माणूस बाईच हवा असं कुणी म्हटलेलं नाही. आईने कपाळावर हात मारला. मग मला ज्यात वाढवलं ते कापड काढलं, त्यात भोपळा गुंडाळून माझ्या पाठीवर बांधला आणि मला अंगणात फिरवलं. “वाक जरा, मेल्या, पोराची मान लचकेल!” कुंपणापलीकडून किगुंडू ओरडला, “काय लुबोवा, दूधही पाजणार का?” आई म्हणाली, “तुला कुणी नीट पाजलं असतं, तर अक्कल आली असती.”

चर्चची किल्ली त्याच किगुंडूकडे दिली आहे. शनिवारच्या बसने येतोय. नैरोबीला ‘येते’ म्हणून कळव. पहिल्या दिवशी भोपळा पडला होता. आता पडत नाही.

तुझाच,
लुबोवा