मिशीआडचं कापूसगवत

बॅलिनागोर, मेयो
१५ जून १९८७

चि. फिंटन यास गोबनेटताईचे आशीर्वाद, या खेपेस मोजकेच.

काल, रविवार १४ जून, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायरीवर उभं राहून तू गावाला सांगितलंस, की एका क्यानवानपायी फुटबॉलचं मैदान बुडू देणार नाही. शुक्रवारी झऱ्यातूनच चर खणणार. क्यानवान म्हणजे पांढरडोकं. लोक माझ्या केसांकडे बघून हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने तू.

केसांचं सोड. पांढरा गोंडा दिसला की आपण सगळ्या कापूसगवताला हे एकच नाव देतो, तिथेच फसतो. दांड्यावर एकुलता, सशाच्या शेपटीसारखा गोंडा असतो ते एक. काळ्या पाण्यात उगवतं, चारपाच गोंडे लोंबतात ते दुसरं. ते गावभर आहे. झऱ्याच्या चुनखडीच्या पाण्यावरचं, रुंद पानांचं, ते तिसरं. पंचक्रोशीत त्याचा तेवढाच एक ताटवा उरलाय. झरा आटला की तोही संपला. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनिग्ना शिकवायच्या, देठ ओठावर फिरवा, खरखरला तर तेच.

तुझ्याशी बोलणं बंद आहे. पत्रं चालू.

गोबनेट

१६ जून

ती. ताईस फिंटनचा सा. न. वि. वि.

हसलो, चुकलं. पण तू केस धुऊन आली होतीस आणि वारा सुटला होता, मी तरी काय करू?

झऱ्यावर जाऊन देठ ओठावर फिरवला. लोण्यासारखा गुळगुळीत. ब्रीड म्हणाली, नणंदबाईंना सांगा, सिस्टर कधीच्या गेल्या, आता तुम्हीही शाळा सोडा. ताई, पोरं घोटाभर चिखलात खेळतात गं. चर ठरला. ब्रीडने केलेला सोडा ब्रेड पाठवतोय. लोभ वाढवू नकोस, आहे तेवढा राहू दे.

तुझा फिंटन

१७ जून

चि. फिंटन यास आशीर्वाद.

ब्रेड पोचला. तुझी बायको मीठ विसरली.

तू मधला दांडा फिरवलास. तो गुळगुळीतच असतो. गोंडे ज्या बारीक देठांना लोंबतात, तो देठ वरून खाली ओढायचा. आणि फिरवलास कुठल्या ओठावर? तुझे ओठ मिशीखाली गेले त्याला तीस वर्षं झाली. त्या झुडपावरून काटेरी तार ओढली तरी तुला लोणीच लागेल.

सोबत गोंडा पाठवते. मिशी उतरव, मग सांग. देठ खरखरला तर चर मैदानाच्या खालच्या अंगाने काढ. लांब पडेल, पण पोरांचे पायही कोरडे राहतील. उत्तर लेखी हवं, उद्या पाचच्या आत.

गोबनेट

१८ जून, दुपारी चार

ती. ताईस सा. न.

मिशी गेली. देठ मांजराच्या जिभेसारखा आहे. ब्रीडनेही फिरवून पाहिला, आणि पुढच्या ब्रेडला मीठ घालीन म्हणाली.

लगेच खणणाऱ्याकडे गेलो, चर खालच्या अंगाने काढ म्हटलं. तो म्हणाला, फिंटनला पाठव, त्याच्याशीच बोलेन. बिनमिशीचा मी आवाज चढवला तेव्हा कुठे त्याने ओळखलं. झरा वाचला.

पण वरचा ओठ क्यानवानासारखा पांढराफटक निघालाय. रविवारी पायऱ्यांवर लोक कुणाकडे बघून हसतील ते तुला ठाऊक आहे. शेजारी उभी राहशील का, आणि तेही न हसता? लेखी कळव, शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत.

तुझा, वाऱ्याने ओठ झोंबलेला,
फिंटन