टाकी काढलेल्या लाईनची चाचणी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (तो सध्या उभ्यानेच. साष्टांगात पोट मोजतात की नाही कोण जाणे, पण ते जमिनीला टेकतं एवढं खरं, आणि माझ्या पोटावर चार ताजे व्रण आहेत.) आत्ता सव्वाचार वाजलेत. वेळ मुद्दाम लिहितोय, का ते नंतर कळेल.

तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तू ‘उत्तम’ म्हणून कळवणार आणि भावोजी फोनवर भलतंच सांगणार. डॉक्टरांनी तुला पित्ताशय काढायला सांगून पाच महिने झाले, खड्यांनी दोनदा तुला गुडघे टेकायला लावले, तरी तू तारीख पुढे ढकलतेयस. का, तर तुला एकाच गोष्टीची धास्ती आहे: ते गेल्यावर लोणी चालेल का? प्रश्न रास्त आहे. जिचं दुकान केकवर चालतं आणि जी बोटाने चाखल्याशिवाय एक भांडंभर क्रीमही बाहेर जाऊ देत नाही, तिने हे विचारायचं नाही तर कोणी? माझं पित्ताशय काढून सहा आठवडे झाले, म्हणून तू मला ‘खरं काय ते लिही’ असं कळवलंस. लिहितो. फक्त आपण एका प्लंबरला विचारलंय हे विसरू नकोस.

माझ्या समजुतीप्रमाणे पित्ताशय म्हणजे मधली टाकी. पित्त तयार करतं यकृत. जेवण नसेल तेव्हा ते टाकीत साठतं आणि काही तेलकट-तुपकट पोटात आलं की टाकी ते एकदम सोडते. टाकी काढली म्हणून यकृत काही संप करत नाही. ते आपलं थेट लाईनने दिवसभर थोडं थोडं आतड्यात सोडत राहतं. मी डॉक्टरांना आधीच विचारलं होतं, टाकीचं तोंड बंद कशाने करणार, टेप की वॉशर? ते म्हणाले, क्लिप. मग मी क्लिपचं माप विचारलं. डॉक्टर सभ्य गृहस्थ, त्यांनी कागदावर आकृती काढून दिली. ती मी दुकानात लावली आहे. (एका गिऱ्हाइकाने ती आपल्याच न्हाणीघराची समजून, काम कधी सुरू करणार म्हणून विचारलं.) ऑपरेशनच्या वेळी पोटात हवा भरतात, हे ऐकून तर मला फार आपुलकी वाटली, कारण नव्या लाईनची गळती आम्हीही हवा भरूनच शोधतो. गंमत म्हणजे भोकं पोटाला आणि दोन दिवस दुखला उजवा खांदा! उरलेली हवा आत वर टोचते आणि दुखणं खांद्यात निघतं म्हणे. आधी पटलं नाही. पण आमच्याकडेही ओल चौथ्या मजल्यावर दिसते आणि पाईप फुटलेला असतो सहाव्यावर, तेव्हा मी वाद घातला नाही.

आता खाण्याचं. आहारवाल्या बाईंनी यादी दिली आणि ती तुझ्या भावजयीने फ्रिजवर चिकटवली. मऊ भात, उकडलेला बटाटा, पातळ सूप, शिजवलेलं सफरचंद, साय काढलेलं दही. एका वेळी थोडं, पण दिवसातून पाचदा. स्निग्ध काही खायचं तर काही आठवड्यांनी, एकेक पदार्थ, चमच्या-चमच्याने, काय होतं ते बघून. यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. पण माझा स्वभाव चौकस. (तुझं गजराचं घड्याळ मी आत काय वाजतं ते बघायला उघडलं होतं, ते तू अजून काढतेस.) पोट आता कशाला काय उत्तर देतं हे बघण्यात मला भारी रस वाटू लागला. भात गुपचूप. बटाटा गुपचूप. उपाशीपोटी काळी कॉफी मात्र मला पंधराव्या मिनिटाला हाताला धरून आत घेऊन जाते. तुझ्या भावजयीचं म्हणणं असं की, असल्या गोष्टी जेवणाच्या टेबलावर सांगायच्या नसतात.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण आमच्या धंद्यात एक रीत आहे. काम झालं की मेन कॉक पूर्ण उघडायचा, लाईनला पुरतं प्रेशर द्यायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि प्रत्येक जोडावरून कोरडं बोट फिरवायचं. तोवर हत्यारांची पिशवी भरायची नाही. सव्वीस वर्षं मी हे केलंय, आणि अर्धा कॉक उघडून निघून जाणाऱ्यांना नावं ठेवली आहेत. तर एकोणिसाव्या दिवशी घरात एकटा होतो, अंगात तरतरी होती, आणि मनात आलं की काम होऊन इतके दिवस झाले, चाचणी कुठे झालीय? लोण्यात तळलेली तीन अंडी, लोणी थापलेले चार टोस्ट, वर चीज. खाल्लं, घड्याळ लावून दहा मिनिटं थांबलो. सगळं कोरडं ठणठणीत. पिशवी उचलली आणि कामाला गेलो.

काम एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंकडे, तिसऱ्या मजल्यावर. जड उचलायची मला मनाई, म्हणून सोबत फरशीवाला होता. मी नट सोडवले, त्याने घरातला एकुलता एक कमोड उचलून बाल्कनीत नेऊन ठेवला, आणि ताई, नेमक्या त्याच घटकेला माझ्या लाईनचा निकाल लागला. समोर भोक आणि चिखल, बाल्कनीत कमोड, आणि दारात बाई चहाचा ट्रे घेऊन. मी पाना तिथेच टाकून तीन जिने उतरलो. तळमजल्यावर दातांचा दवाखाना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आधी फॉर्म भरा.” मी नाव लिहिलं आणि ‘कुठला दात दुखतो’ या रकान्याशी येईपर्यंत माझा चेहरा असा काही झाला असावा की रांगेतले तीनही पेशंट उठून बाजूला झाले.

वर परतलो तेव्हा फरशीवाला भिंतीकडे तोंड करून हसत होता. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला बसवलं आणि काय खाल्लं ते विचारलं. मी शाळेतल्यासारखं खरं सांगितलं, ऑपरेशनसकट. मग म्हणाल्या, “माझं काढून वीस वर्षं झाली. मी रोज लोणी खाते. पण पहिल्या दिवशी नखाएवढं खाल्लं होतं.” त्यांना आठवड्या-आठवड्याने वाढवत तीन महिने लागले. सगळ्यांचं सारखं नसतं, असंही त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, आम्ही कॉक एकदमच उघडतो. त्यावर बाई म्हणाल्या, “ते पाईप तुझे नसतात.” 

म्हणून मी अर्ध्या कॉकवर आलो. नखाएवढ्यावर. लाज वाटली, पण पोट गप्प आहे. लोण्याबद्दल तुला याहून जास्त सांगता येत नाही. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. वर मी ऑपरेशनची सगळी मौज लिहिली, पण आधीचं लिहिलं नाही. मीही तुझ्यासारखं दोन वर्षं ढकललं. शेवटी एक खडा मेन लाईनमध्ये अडकला, डोळे पिवळे झाले, आणि डॉक्टर आकृत्या काढायचे थांबले. मला भीती वाटली, ताई. तू तिथवर जाऊ नकोस.

ता. क. ऑपरेशनला आत नेताना मी म्हणे ‘ताई, ताई’ म्हणून हाका मारत होतो. तुझी भावजय पलंगाशी उभी होती, ती अजून हे विसरलेली नाही. तेव्हा तू तारीख ठरव. गुरुवार बघ, त्या दिवशी मी कामं घेत नाही. दाराबाहेर मी उभा असेन, तुला हाक मारायला कोणीतरी हवं.

ता. क. भावोजींबरोबर तू लोण्याचा केक पाठवलास, वर चिठ्ठी, ‘तुला चालणार नाही, बाकीच्यांना दे.’ त्यातला बोटभर तुकडा मी चार वाजता खाल्ला आणि पत्र लिहायला बसलो. आता साडेसहा झालेत. अजून खुर्चीतच आहे.