पाटावरचं नाव

१७ फेब्रुवारी

आणि दुसरं असं बाबा, की हात माझा आहे. तुम्ही शिकवलात हे खरं, पण म्हणून तो तुमच्या खुंटीला टांगलेला नाही. एसटी सुटेपर्यंत तुमचं एकच टुमणं, मेस्त्र्यांचा हात देवाचे डोळे काढायला आहे, भुतांची तोंडं रंगवायला नाही. गाडी हलली आणि माझं उत्तर तोंडातच राहिलं. ते आता इथे लिहितो. तुम्ही फोनवर यायचे नाहीत, माहीत आहे मला.

तर पोचलो. एकदम मस्त जागा! वसईच्या पूर्वेला कामण आहे, भिवंडीच्या रस्त्यावर. जिकडे बघावं तिकडे गोडाऊन. आमच्या गोडाऊनमध्ये आपलं देऊळ कळसासकट उभं राहील आणि वर पालखी नाचवायला जागा उरेल. आधी इथे टाइल्स ठेवायचे. ही डायरी त्यांचीच, कोपऱ्यात कोरी पडली होती. सातवीत पुस्तकं टाकल्यापासून एवढं सलग पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा काना-मात्रा बघू नये.

काम म्हणजे मोबाईलवर लागणाऱ्या मुलांच्या मालिकेचा सेट. अख्खा देश उभा करायचाय. काजळदेश. तिथे सूर्य नाही. सगळा उन्नती मॅडमच्या डोक्यातून निघालाय, त्या आमच्या सेटच्या मुख्य. त्या देशात लपे राहतात. एकटा असला तर लप्या. माणसापेक्षा हातभर उंच, अंगभर काथ्याचे केस, आणि डोळेच नाहीत. सूर्य नाही तर डोळे कशाला, म्हणाल्या. लप्यांना घर नसतं. कुठे चूल पेटली की वासावर येतात, अंगणात लपून राहतात. घराने त्यांना आत घेतलं की घरातली माणसं गप्प होतात आणि एकेक करून काजळदेशात जाऊन उभी राहतात, कायमची. मी म्हटलं, मॅडम, पोरं चड्डी ओली करतील. त्या म्हणाल्या, त्याचेच तर पैसे आहेत.

मुख्य सुतार व्हॅलेरियन अंकल, वसईतल्या पापडीचे. पहिल्याच दिवशी पिशवीतून सुकेळी काढून दिली. उन्हात सुकवलेली केळी, चिकट, गोड. कोकणातला आहेस, मासे खातोस, म्हणजे आपलं जमणार असं त्यांनीच ठरवून टाकलं. खोली वॉचमन हरेश्वरकाकांच्या मागच्या पडवीत मिळाली. त्यांनी बजावलंय, पानी सकालीच भरून ठेव, मागून माझ्या नावाने बोंब मारू नको.

२२ फेब्रुवारी

पडदा झाला. गोडाऊनची एक भिंत अख्खी झाकतो एवढा. त्यावर काजळदेश. मॅडमनी कॉम्प्युटरवरचं चित्र दिलं होतं, काळी झाडं, राखेची वाट, लांब डोंगर. डोंगर मी चित्रातला काढला नाही. मला एकच डोंगर येतो, आपल्या वरच्या वाडीमागचा. वाट पण आपलीच, फणसाकडून वळते ती. वळणाच्या वर अंगठ्याच्या नखाएवढं घर काढलं, कौलांसकट. मॅडमना कळलं नाही. म्हणाल्या, परेश, लांबचं ते घर किती एकटं वाटतंय.

एकटं आहेच. शाळा बंद केलीत ना तुम्ही. मूर्ती घडवायची गणपतीची शाळा बंद, का, तर तुमचा हात थरथरतो, मी घरी नाही, आणि धाकटी दीपिका पोरगी. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण पोरीने डोळे काढायचे नाहीत. कोणी सांगितलं? गणपतीने येऊन सांगितलं?

२७ फेब्रुवारी

लपे तयार. सात. थर्माकोल, प्लास्टर, काथ्या. आणि आज वरून निरोप आला की आंधळ्या राक्षसांना पोरं भीत नाहीत, डोळे द्या. मॅडमनी दोन पेंटर आजमावले. एकाने बाहुली केली, दुसऱ्याने म्हैस. मग मी ब्रश घेतला.

आता इथल्या कुणाला काय माहीत आपल्याकडची रीत. प्रत्येक घर आपला पाट शाळेत आणून देतं, पाटाच्या कडेला कोळशाने घराचं नाव. मूर्ती त्याच पाटावर बसते. डोळे सगळ्यात शेवटी, ते नाव वाचून, मनात म्हणून. ज्या पाटावर नाव नाही त्या मूर्तीला डोळे नाहीत. लहानपणापासून मी तसेच काढले. माझा हात नाव वाचल्याशिवाय टेकतच नाही, काय करू. लप्यांखाली अंकलनी प्लायवूडचे पाट ठोकले होते, कोरे. ब्रश हलायला लागला. मग कोळसा घेतला आणि जे पहिलं सुचलं ते लिहिलं. मेस्त्री, वरची वाडी. सातही पाटांवर. नाव वाचलं, डोळे काढले. असले डोळे मी देवाचेही काढले नव्हते. मॅडम दोन पावलं मागे सरकल्या.

आईला फोन करून सांगितलं. मागून तुमचा आवाज आला, फोन न घेता, भिंतीला सांगितल्यासारखा. डोळे दिलंस, मगे घर खंय देतलंस?

घर कुठे देणार म्हणे. टोमणे मारा. इथे माझं नाव झालंय.

२ मार्च

एक लप्या गेला. पाट जागेवर, वरचा लप्या नाही. मॅडम चोरी चोरी करत हरेश्वरकाकांवर चढल्या. काका पण कमी नाहीत. म्हणाले, दाराला कुलूप, चावी माझ्या करगोट्याला, आनि ते धूड काय मी डब्यात घालून नेलं?

दुपारी अंकलनी मला शाबासकी दिली, पडद्यावर लप्या छान काढलास म्हणून. मी काढलेला नाही. काळ्या झाडांमध्ये उभा आहे, पाठमोरा. रंग हाताला लागतो, ओला.

कोणीतरी मस्करी करतंय. सापडला तर त्याचं तोंड मी रंगवतो.

५ मार्च

अंकल कपाळाला राखेचा क्रूस लावून आले, त्यांचा उपवासाचा काळ सुरू झाला. तसेच पडद्यासमोर उभे राहिले आणि मला हाक मारली.

सातही पाट रिकामे आहेत. सातही लपे पडद्यावर. सगळे पाठमोरे, सगळे वाटेवर. पहिला फणसाच्या वळणाला पोचलाय.

अंकलनी पाटावर काय लिहिलंय विचारलं. सांगितलं. ते खाली बसले. म्हणाले, माय गॉड परेश, तू त्यांना पत्ता दिलास.

ओल्या फडक्याने पुसलं. घासलेटने पुसलं. कोळसा जात नाही. कोळसा बाबा! फुंकरीने उडतो तो!

मॅडमना नवे सात हवेत, डोळ्यांसकट. डबल पैसे म्हणाल्या. मी नाही म्हटलं. त्या चिडल्या, तुझ्यासारखे नाक्यावर छप्पन्न मिळतात. मग आणा म्हटलं.

८ मार्च

घरी फोन केला. दीपिकाने उचलला. ती हसत सांगत होती, दोन दिवस अंगणात नव्या रंगाचा वास येतोय, बाबा म्हणतात तुझ्या भावाची आठवण आली असेल रंगाला. कुत्रा फणसाकडे तोंड करून भुंकतो आणि मागे मागे सरतो.

मी हसलो नाही. सांगितलं, काहीही दिसलं तरी आईने तांब्या घेऊन बाहेर यायचं नाही. गणपती आणणाऱ्याच्या पायावर आई पाणी घालते, भाकरतुकडा ओवाळते आणि मगच आत घेते. घराने घेतलं तरच येणारा आत येतो. तांब्या उचलायचाच नाही. दीपिका म्हणाली, दादा, तू पिऊन आहेस काय?

तेवढ्यात तुम्ही फोन घेतलात. एसटी सुटल्यापासून पहिल्यांदा. नाव कुणाचं घातलंस, एवढंच विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही शिवी पण दिली नाहीत. द्यायला हवी होती.

१० मार्च

पडद्यावर, वाटेत खाडी काढली. रुंद, कामणच्या खाडीसारखी, चिखलाची. बघू लपे कसे ओलांडतात.

११ मार्च

ओलांडली. कमरेपर्यंत चिखल आहे सगळ्यांच्या. पडद्याखाली लादीवर पाणी साचलंय, खारं.

पहिला अंगणात आहे. घराच्या दारात एक लाल ठिपका. मी काढला नव्हता. जवळ जाऊन बघितलं – लुगड्याचा लाल. हातात काहीतरी चकाकतं –

फोन. दीपिका रडत होती. आई सकाळपासून दारात उभी, हातात तांब्या, बोलत नाही, हलत नाही. दीपिका आणि तुम्ही मिळून ओढताय, हलत नाही. पाणी अजून सांडलेलं नाही.

म्हटलं, तांब्यावर हात ठेव. सोडू नको. काही झालं तरी पाणी पडू द्यायचं नाही.

पडदा फाडायला कटर काढला. अंकलनी मनगट धरलं. आई त्याच पडद्यावर आहे, म्हणाले.

११ मार्च, दुपारी

ठीक आहे. नाव मी घातलं, मीच बदलीन. पुसलं जात नाही ना? मग लाकूडच काढतो.

अंकलनी रंधा दिला. स्वतः पण एक पाट मांडीवर घेतला. छिलके निघाले, काळे, आतपर्यंत काळे. कोरं लाकूड लागेपर्यंत रंधा मारला. मग नवं नाव. परेश मेस्त्री, कामण. सात वेळा.

पण त्यांनी वाचायला तोंड इकडे पाहिजे. सगळे पाठमोरे.

शिडीवर चढलो. त्यांच्या डोक्यामागे, काथ्याच्या केसांवर, डोळे काढले. इकडे बघणारे. नाव वाचलं, मनात म्हटलं, काढले. हात हलला नाही बाबा. एकदाही नाही.

शेवटी पडद्याच्या पुढच्या भागात एक दार काढलं, हरेश्वरकाकांच्या पडवीचं, बाहेर पाण्याच्या ड्रमासकट. दार उघडं ठेवलं.

१२ मार्च

आई बोलली! दीपिकाचा फोन, तुम्ही सगळे मागून एकदम बोलताय. आईने तांब्या खाली ठेवला, विचारलं की मी अशी उभी का, आणि दूध उतू गेलं म्हणून दीपिकावरच ओरडली. ओरडू दे. फोन कानाला लावून तेवढं ऐकत बसलो.

पडद्यावर अंगण रिकामं आहे. लाल ठिपका नाही. वाटेवर ते सात – मोठे झालेत. जवळ आलेत.

अंकल म्हणाले, पापडीला चल, आमच्याकडे राहा, फादरना विचारू. नको. म्हटलं, पाटावर पापडी लिहिलेलं नाही. तुमच्या घरात पोरंबाळं आहेत अंकल. मग ते जाताना खिशातली सुकेळी ठेवून गेले, सगळी.

१३ मार्च

पडद्यावर कोणी नाही. नुसतं दार. बंद. मी उघडं काढलं होतं.

पडवीत नव्या रंगाचा वास येतोय.

हरेश्वरकाकांना विचारलं, ओहोटी कधी लागते. दुपारनंतर पानी ओढ घेतं, म्हणाले, पार समुद्रापर्यंत नेतं, पन तुला काय करायचंय? विसर्जन म्हटलं. ते हसले, फाल्गुनात कसला गणपती आनलास? काकांना त्यांच्या बहिणीकडे पाठवलंय, नायगावला. काहीतरी खोटं सांगितलं. घर मोकळं आहे.

डोळे दिले, घर दिलं. घर दिलं की पाठवणी पण आपलीच. हीच रीत ना बाबा? तुमचीच रीत आहे, लप्यांना पण लागू. आत घेईन, तांब्या घेऊन दारात उभा राहीन, आणि दुपारी एकेकाला पाटावर बसवून खाडीत घालीन. अंकल म्हणाले होते, थर्माकोल बुडत नाही रे. मग मी वर बसेन. बघू किती तरंगतात.

१३ मार्च, दुपारी

आलेत.

दार वाजत नाही. नुसतं आत फुगतंय –

हात गप्प होतोय, बोटं जड. तोंडाने बोलून बघितलं, आवाज येतो अजून. मोठ्याने शिव्या घातल्या. मालवणी. कळल्या असतील, आपल्याच डोंगरावरून जाऊन आलेत.

भीत नाही. लिहून ठेवतो, भीत नाही –

बाबा, ऐका. शाडू सांगा लवकर. शाळा उघडायची. पाट घ्या सगळ्या वाडीचे, नाव बघून घ्या. आणि डोळे दीपिका काढेल. तांब्यावर तिचाच हात होता. तो हलला नाही. विषय संपला.

भांडण मी जिंकलो. हात माझाच होता.

तांब्या भरलाय. उठतो –

मॅडमकडून हिशेब झाला तो पैसा सगळा आईच्या फोनवर टाकलाय, मातीसाठी, चौदा हजार सहाशे –