बर्फातलं कार्ड आणि पिवळं दार

वॉल्टन, ९ मे

ती. बेरिलताईस,

धाकट्या क्लाइव्हचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? इप्सविचच्या त्या नव्या डॉक्टरने सांगितलेले व्यायाम करतेस, की नुसती त्याला 'हो हो' म्हणून घरी येऊन केक खातेस? इथे सगळं ठीक आहे. म्हणजे मॉरीन ठीक आहे. माझं काय ते पुढे सांगतो. चहा घेऊन बस, कारण मला कुठलीही गोष्ट थोडक्यात सांगता येत नाही, हे तुला मी चार वर्षांचा असल्यापासून ठाऊक आहे.

जानेवारीत आमचा बॉयलर गेला (दुरुस्तीवाला त्याच्यापुढे टोपी काढून उभा राहिला, तेव्हाच मी समजलो). नव्याचे पैसे कार्डावर गेले, आणि त्यावरचं व्याज बघून मॉरीनने दुसऱ्या बँकेचं कार्ड घेतलं. जुनी बाकी उचलून नव्या कार्डावर ठेवायची आणि सव्वीस महिने व्याजाचं नावही काढायचं नाही, अशी ती सोय. तिने सव्वीस चौकोनांचा तक्ता करून फ्रीजवर चिकटवला आणि दर महिन्याला एक चौकोन रंगवायला घेतला. खातं तिच्या नावाचं, जोडकार्ड माझं. माझं कार्ड टपालाने आलं त्याच दिवशी तिने ते मार्जरिनच्या डब्यात टाकलं, वर पाणी ओतलं आणि डबा फ्रीजरमध्ये वाटाण्यांच्या पिशवीमागे सारला. मला राग आला नाही. तिच्या विणकाम मंडळातल्या निम्म्या नवऱ्यांची कार्डं अशीच गोठलेली आहेत. बर्फ वितळेपर्यंत माणसाला अक्कल येते, असा त्यामागचा हिशेब.

तर मार्चच्या सुरुवातीला मी फिरायला गेलो आणि समुद्रकाठी दिवसा बसायच्या लाकडी खोपट्यांच्या रांगेत सेहेचाळीस नंबरच्या पिवळ्या दारावर मालकीण मिसेस पिंग्रीची चिठ्ठी दिसली: या हंगामापुरतं भाड्याने देणे आहे. ताई, तुला आठवत नसेल. आमचं लग्न झालं त्या आठवड्यात पाऊस लागला म्हणून मी आणि मॉरीन अशाच एका खोपट्याच्या पायरीवर बसलो होतो. मालक आला आणि "इथे बसायचं नाही, उठा बघू" म्हणाला. भिजत घरी जाताना मॉरीन म्हणाली, "असू दे रे. कधीतरी आपलंही दार असेल." त्याला एकेचाळीस वर्षं झाली. तिने पुन्हा कधी विषय काढला नाही, आणि मी तो कधी विसरलो नाही.

गुरुवारी ती विणकामाला गेली. मी डबा काढून खिडकीत उन्हात ठेवला. तासाभरात अक्कल येईल म्हणून समोर खुर्ची टाकून बसलो. पण बर्फाकडे कधी बघत बसली आहेस का? आधी कडा ओल्या होतात, मग आत कुठेतरी एक बुडबुडा हलतो, आणि मग माणूस तिथे राहतच नाही. मी खोपट्यात होतो. दार उघडं होतं, भरतीचं पाणी आळसावून पायऱ्यांपर्यंत येत होतं, किटली गुणगुणत होती, मॉरीनने बूट काढून पाय उन्हात सोडले होते आणि ती काहीच मोजत नव्हती. शेजारून एक कुत्रा गेला, त्यालासुद्धा घाई नव्हती. असा मी अडीच तास राहिलो. भानावर आलो तेव्हा अक्कल आलेली नव्हती, पण कार्ड मोकळं झालं होतं. शंका एकच होती, तीही मिटली: हे कार्डच बिनव्याजी, मग त्यावर घेतलेली वस्तूही बिनव्याजीच की! सहाशे चाळीस पौंड देऊन टाकले आणि डब्यात त्या जागी माझं वाचनालयाचं कार्ड गोठवून ठेवलं (बर्फातून सगळी कार्डं सारखीच दिसतात. मात्र दोन महिने पुस्तक मिळालेलं नाही).

आता खरं दुखणं. सवलत फक्त उचलून आणलेल्या जुन्या बाकीला होती. नव्या खरेदीला पहिल्या दिवसापासून पूर्ण व्याज, हे बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि माझा चष्मा त्या दिवशी शेडमध्ये होता. पहिलं बिल आलं, त्यात व्याज तेरा पौंड चाळीस पेन्स. ते मी टपालवाल्याच्या हातातूनच घेतलं आणि लपवलं. कालच्या बिलात मात्र व्याज अगदीच नाममात्र. बँकेलाही मन असतं म्हणायचं.

मी मंगळवारी 'हिरवळीवर बोल्स खेळायला जातो' म्हणून सांगतो आणि खोपट्यात एकटा बसतो. मिसेस पिंग्री मोठी भली बाई दिसते. कधी निळे पडदे लावून जाते, कधी आल्याच्या बिस्किटांचा डबा ठेवते. दुसरी खुर्ची दर मंगळवारी जरा सरकलेली असते, वाऱ्याने असेल. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मला फार वाईट वाटतं, ताई. जिच्यासाठी घेतलं, तिलाच बोलावता येत नाही. परवा चौकोन रंगवताना ती म्हणाली, "हे एकदा फिटलं ना, की आपण दोघं काहीतरी करू हं." मी बटाटे सोलायला उठून गेलो.

आहे हे असं आहे. गुडघ्याला जप.

तुझा भाऊ,
क्लाइव्ह

ता. क. चौदा जूनला आमच्या लग्नाचा वाढदिवस. खोपटं तू भाड्याने घेऊन आम्हाला भेट दिलंस, एवढं मॉरीनला फोनवर सांगशील का? खोटं बोलताना तुझा आवाज माझ्यासारखा कापत नाही.

आणखी एक ता. क. (हे अक्षर मॉरीनचं.) बेरिलताई, स. न. तिकिटं कुठल्या खणात असतात हे यांना एकेचाळीस वर्षांत कळलेलं नाही, त्यामुळे यांची पत्रं माझ्या हातूनच जातात. खरेदी झाली त्याच मिनिटाला बँकेचा निरोप माझ्या फोनवर आला होता. वाचनालयाचं कार्ड हिरवं आहे आणि बँकेचं निळं. फोनवर व्याज बघून मी नाताळसाठी डब्यात साठवलेले पैसे बँकेत भरले, त्यातून बँक जास्त व्याजाचं देणं आधी फेडून घेते. मिसेस पिंग्रीकडून मी दुसरी किल्ली घेतली, पडदे मी शिवले आणि बिस्किटंही माझीच. विणकाम मंडळ मार्चअखेरच बंद पडलं. गुरुवारी मी खोपट्यात दुसऱ्या खुर्चीत बसते, यांच्या खुर्चीत माझ्या पाठीत कळ येते. तुम्ही फोन जरूर करा आणि छान खोटं बोला. मी आरशासमोर चकित व्हायचा सराव चालवला आहे. तोवर यांना काही कळू देऊ नका, हल्ली रोज भांडी घासतात.

आणि जूनमध्ये याल तेव्हा तुमची खुर्ची घेऊन या. तिथल्या दोन्ही भरलेल्या असतील.