गॅरेजमधली अजगराची अंडी

बाबा, माझ्याकडे अजगराची पिल्लं झाली. चौदा अंडी होती, तेरा फुटली. तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली, आणि मी इथे परदेशात, ट्रुगानिना नावाच्या उपनगरातल्या घरी, गाडी उन्हात ठेवून गॅरेजमध्ये अजगरांची जोडी पाळते, हे तुम्हाला पटलं नसतं. साप पकडायचा तो रानात सोडायला, असं तुम्ही म्हणायचात. इथे रीतसर लायसन्स मिळतं आणि इथलेच कार्पेट पायथन जातीचे अजगर पाळता येतात. प्रजननाची माझी ही पहिलीच वेळ. इथल्या जून-जुलैच्या थंडीत नराला मादीच्या पेटीत सोडलं, नोव्हेंबरात तिने अंडी घातली आणि त्यांच्याभोवती घट्ट वेटोळं करून बसली. ते वेटोळं हाताने सोडवून अंडी काढावी लागतात. ती फुसफुसत होती, तरी माझे हात हलले नाहीत. अंडं उलटं झालं तर आतलं पिल्लू मरतं, म्हणून प्रत्येकावर पेन्सिलीने वरची खूण केली आणि सगळी उबवणीच्या पेटीत ठेवली. नवरा घाबरून दारातूनच "ऑल गुड?" विचारत होता. मला तो नको होता. ते हात तुम्ही पाहायला हवे होतेत.

कारण तुम्ही माझे हात एकदाच पाहिलेत. मी नऊ वर्षांची, ताई बारा. तुम्ही कारखान्यात फिटर, पण कॉलनीत कुठेही साप निघाला की लोक तुम्हालाच बोलवायचे. त्या दिवशी रेशन दुकानाच्या गोदामात धामण निघाली होती आणि तुम्ही पिशवीचं तोंड धरायला मला सांगितलंत. तिची शेपटी माझ्या मनगटावर फटकन बसली, मी किंचाळून पिशवी टाकली आणि धामण पोत्यांमागे गेली. लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. "घरी जा. तुझं काम नव्हे हे," एवढंच म्हणालात. पुढच्या वेळी स्कूटरवर मागे ताई बसली, आणि मग कायम तीच. मी स्वयंपाकघरात आईसमोर मेथी निवडत बसलेली असायचे आणि स्कूटरचा आवाज आला की मान वर करायची नाही असं ठरवायचे. ताई आत यायची, हातपाय धुवायची, आणि जेवताना तुम्ही दोघं अशा खुणांनी बोलायचात की मला त्यातलं काही कळू नये. दहावी झाल्यावर तुम्ही तिला तुमचा स्वतःचा साप धरायचा लोखंडी आकडा दिलात, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेला. माझ्या दहावीला मला घड्याळ मिळालं. चांगलं होतं घड्याळ. मी ते कधी घातलं नाही.

यंदा जानेवारीत ताई पहिल्यांदाच माझ्याकडे आली. कोल्हापूरला बँकेत असते, साप हातात घेऊन तिला वीस वर्षं झाली असतील. तरी दुसऱ्याच दिवशी माझी लेक तिच्या मागे मागे. "मावशी, टेल मी अबाउट द कोब्रा इन द स्कूल!" मी इतकी वर्षं साप पाळते, पण मला तिने कधी गोष्ट मागितली नाही. माझ्याजवळ तुमची गोष्टच नव्हती, बाबा. ताई तुमचा आवाज काढून सांगत होती आणि मी ओट्याशी, त्यांच्याकडे पाठ करून पोळ्या लाटत होते. दोन करपल्या.

आणि पहिलं अंडं फुटलं तेव्हा मी लॅबमध्ये शिफ्टला होते. छप्पन्न दिवस मी रोज त्या पेटीत डोकावले होते. लेकीचा फोन आला, "मम, देअर्स अ नोज! मावशी सॉ इट फर्स्ट!" मी घरी पोचले तेव्हा दोघी गॅरेजच्या फरशीवर शेजारी शेजारी बसल्या होत्या. चीर पडलेल्या अंड्यातून इवलंसं तोंड बाहेर येऊन श्वास घेत होतं. ताई म्हणाली, "बाबा असते तर!" मी बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती. म्हटलं, "तुझे बाबा. माझे नव्हते ते कधी."

लेकीला तिने आत पाठवलं. मग म्हणाली, "तुला खरंच माहीत नाही? त्या धामणीच्या दिवशी आई किती भांडली त्यांच्याशी! म्हणाली, दोघींना नेऊ नका. एक तुमची, एक माझी. काही झालंच तर माझी एक तरी राहू दे."

"तुला कुणी सांगितलं?"

"आईनेच. शेवटच्या आजारात."

"आणि मला?"

"तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं."

खरं तर मला हलकं वाटायला हवं होतं. तुम्ही मला टाकलं नव्हतंत, आईने मला मागून घेतलं होतं. पण डोक्यात आलं ते एवढंच, की हेही ताईलाच आधी कळलं. आणि तुम्ही आईला पटकन हो म्हणालात की थोडं तरी भांडलात, हे ताईलाही सांगता येईना.

जायच्या आदल्या दिवशी ती पेटीपाशी उभी राहून म्हणाली, "एकदा हातात दे ना गं." मी सांगितलं, पहिली कात टाकेपर्यंत पिल्लांना हात लावायचा नसतो. ती लगेच मागे सरली. नियम खरा आहे, कुणालाही विचारा.

हे पत्र मी ताईला फोनवर वाचून दाखवणार होते. आता नाही दाखवणार. काल तिला विमानतळावर सोडून घरी आले, पिल्लांनी अजून कात टाकलेली नाही, आणि मी सगळ्यात पहिलं बाहेर आलेलं पिल्लू उचलून हातात घेतलं.