छत्तीसवर थांबलेलं गणित

ती. ताईंना,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आम्ही बापलेक बरे आहोत (जेवतो, झोपतो, यालाच बरं म्हणत असतील तर).

पत्राला कारण गणित. तुमची बहीण जाऊन तीन महिने झाले, तेव्हापासून लेकीनं गणिताचं पुस्तक उघडलं नव्हतं. परीक्षा तोंडावर आली, आणि विचारलं की नुसती मान हलवायची. शेवटी परवा मीच शिलाईचं काम बाजूला ठेवून तिच्या आईची शिकवणीची वही काढली. लिहिलेल्या शेवटच्या पानावर वर्तुळाचं समीकरण होतं : x² + y² − ६x + ८y − ११ = ०, त्रिज्या काढा. म्हटलं, पंचवीस वर्षं घेरदार फ्रॉक बेततोय, वर्तुळ म्हणजे आपल्या हातातलं काम. (टेपनं मोजता येणारी गोष्ट माणसं अशी लपवून का ठेवतात, देव जाणे.) खाली तिनं पायऱ्या मांडल्या होत्या. सहाचे निम्मे तीन, त्याचा वर्ग नऊ. आठचे निम्मे चार, त्याचा सोळा. त्यात पलीकडे नेलेले अकरा मिळवून छत्तीस. तिथं लिखाण संपलं होतं, म्हणून मी तेच उत्तर धरलं. लेकीला दाखवायला कापडाची चौघडी घातली, कोपऱ्यावर टेप धरला आणि छत्तीस इंचांवर खडू फिरवला. खडूमागून कात्री फिरली ती निव्वळ सवयीनं. कापड डॉक्टरीणबाईंच्या पडद्याचं होतं.

लेक दारातून बघत होती. म्हणाली, "बाबा, हा त्रिज्येचा वर्ग झाला. वर्गमूळ काढायचं राहिलंय. त्रिज्या सहा." आणि ताई, ती हसली. मग वही जवळ ओढून तिनं विचारलं, "आईनं असं अर्धंच का सोडलं?"

मी सांगितलं, "याच ओळीवर होती, तेव्हा छातीत कळ आली."

ती रडली, खूप वेळ. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. नंतर पेन घेऊन आईच्या अक्षराखाली शेवटची ओळ लिहिली आणि पान उलटलं.

तुम्ही जन्मभर शाळेत हेच शिकवलंत. चार दिवस येऊन तिची तयारी करून घ्याल का?

तुमचे,
शिंपीबुवा

ता. क. डॉक्टरीणबाईंना गोल पडदा आवडला नाही.

आणखी एक. गणित तिला उत्तम येतं, शिकवायची गरज नाही. फोनवर तुमचा आवाज हुबेहूब बहिणीसारखा येतो. या, आणि आतल्या खोलीत लेकीशी काहीही बोलत बसा. मी बाहेर मशीनवर असेन.